घसा बसला, दौरा निघाला

२०२४च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. मिक जॅगर ८० वर्षांचा, कीथ रिचर्ड्स ८०, आणि रॉनी वुड ७६, म्हणजे त्यांच्यातलं शेंडेफळ. दौऱ्याचा प्रायोजक कोण? एएआरपी. पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची ही बडी संघटना, मुळात स्थापन झाली निवृत्तांसाठी. निवृत्तांच्या संघटनेने निवृत्त व्हायला साफ नकार देणाऱ्यांचा मांडव घातला. आमच्यासारख्या खवचट लोकांसाठी यांनी काही शिल्लकच ठेवलं नाही.

हेच स्टोन्स एप्रिल २००३मध्ये मुंबईत ब्रेबॉर्नवर वाजवून गेले. तेव्हा जॅगर एकोणसाठचा होता. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत असता तर अठ्ठावन्नलाच शाल-श्रीफळ घेऊन घरी गेला असता आणि पेन्शनची फाइल कुठल्या टेबलावर झोपली आहे, हे विचारत मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत बसला असता. सरकारी नोकरीत नव्हता म्हणून त्यानंतर आणखी वीस वर्षं नाचला.

या मंडळींनी आता थांबावं का, हा वाद दर उन्हाळ्यात निघतो, कारण दौरे उन्हाळ्यात निघतात. जेफरसन एअरप्लेनची गायिका ग्रेस स्लिक हिने यावर फार पूर्वीच निकाल देऊन टाकला होता: पन्नाशीपुढचे रॉकवाले मंचावर बावळट दिसतात, त्यांनी घरी बसावं. आणि स्वतः ती खरंच घरी बसली. माइक ठेवला, कुंचला घेतला, चित्रं काढायला लागली. बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं रॉकमध्ये औषधाला सापडतात, म्हणून तिची नोंद घेतली. पण तिचं म्हणणं मला पटत नाही. दिसण्यावरून लोकांना घरी बसवायचं ठरलं असतं तर रॉक सुरूच झालं नसतं.

माझी तक्रार निराळी आहे. आवाज गेला तर चालेल. गेलाच नाही असं सोंग चालणार नाही.

आधी घशाचं बघू. गळ्यात दोन स्वरतंतू, आत स्नायू, वर मऊ अस्तर. वय झालं की हा स्नायू रोडावतो. दोन्ही तंतू नीट मिटेनासे होतात, मधे फट राहते आणि फटीतून हवा निसटते. आवाज पातळ होतो, त्यात वारा भरतो. कंठातल्या कूर्चा कडक होतात. छातीचा भाता लहान होतो, लांब सूर धरताना दम संपतो. गंमत म्हणजे बोलण्याचा आवाज पुरुषांचा म्हातारपणी किंचित वर चढतो आणि बायकांचा खाली उतरतो. पण चढला म्हणून वरचे सूर लागतात असं नाही. गाण्यातलं वरचं टोक आधी तुटतं.

म्हणून सगळ्यांना सारखा फटका बसत नाही. जॅगर कधीच गोड गळ्याचा गवई नव्हता. तो ओरडतो, तोंड वेडंवाकडं करतो, शब्द चघळून फेकतो, आणि हे सगळं ऐंशीतही जमतं. कोंडी झाली ती तारसप्तकात नाव कमावणाऱ्यांची. पंचविशीत जोशाजोशात एकेकाने वरचा असा सूर लावून ठेवला की त्या कर्जाचे हप्ते सत्तरीत फेडावे लागताहेत, तेही रोज रात्री आणि लोकांसमोर.

स्टीव्हन टायलरचं बघा. एरोस्मिथचा निरोपाचा दौरा सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झाला. तीन कार्यक्रम झाले आणि पंचाहत्तरीच्या टायलरच्या स्वरयंत्राला इजा झाली. नुसता घसा बसला असता तर मिठाच्या गुळण्यांवर भागलं असतं. इथे स्वरयंत्रालाच मार बसलेला. जवळजवळ वर्षभर वाट पाहिली आणि ऑगस्ट २०२४मध्ये बँडने सांगून टाकलं की आवाज पूर्ण भरून येणं शक्य नाही, दौरे बंद. निरोपाच्या दौऱ्यालाच निरोप द्यावा लागला. पण यात लपवलं काहीच नाही. तिकिटं विकली गेली होती, टेपवर ओठ हलवून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी दुकान बंद केलं. माझ्या वहीत टायलरला पूर्ण मार्क.

जॉन बॉन जोव्हीचा एक स्वरतंतू रोडावला. २०२२मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तंतूला आधार म्हणून आत गोअर-टेक्सचा तुकडा बसवला. गोअर-टेक्स म्हणजे ज्याचे भारी रेनकोट शिवतात तेच. घशाला रेनकोट घातलेला हा जगातला एकमेव पावसाळी गायक. थट्टा बाजूला ठेवतो, कारण माणूस सरळ आहे: पूर्वीसारखं सलग दोन-अडीच तास गाता येणार नसेल तर दौऱ्यावर जाणार नाही, असं तो चारचौघांत बोलला आणि त्यावर माहितीपटही काढू दिला. त्यात तो सुरात कुठे पडतो तेही दिसतं.

आता दुसऱ्या बाजूची मंडळी.

निरोप हा रॉकमधला सगळ्यांत किफायतशीर धंदा आहे. माणूस 'पुन्हा येईन' म्हणाला तर लोक पुढच्या वेळी बघू म्हणतात. 'हे शेवटचं' म्हणाला की बायकोचे दागिने मोडून तिकीट काढतात. ही शक्कल रॉकवाल्यांची नाही. ऑस्ट्रेलियाची ऑपेरा गायिका नेली मेल्बा हिने १९२०च्या दशकात इतक्यांदा निरोप घेतला की तिकडे 'मेल्बापेक्षा जास्त निरोप' अशी म्हणच पडली. रॉकवाल्यांनी त्या म्हणीचा कारखाना काढला.

'द हू' या बँडने पोरवयात, १९६५मध्ये, म्हातारं होण्याआधी मेलेलं बरं असं गाऊन ठेवलं. १९८२मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा काढला. २०२५मध्ये पुन्हा निरोपाचा दौरा काढला. दोन निरोपांच्या मधे त्रेचाळीस वर्षं. इतक्या वेळात माणूस नोकरीला लागून निवृत्त होतो. ओझी ऑस्बर्नच्या १९९२च्या दौऱ्याचं नावच मुळी 'आता दौरे नाहीत' अशा अर्थाचं होतं. तीन वर्षांनी दुसरा दौरा निघाला, त्याच्या नावाचा अर्थ 'निवृत्ती भिकार असते'. आणि २०१८मध्ये पुन्हा 'आता दौरे नाहीत', भाग दुसरा.

पण या कलेतले उस्ताद म्हणजे मोटली क्रू. जानेवारी २०१४मध्ये या चौघांनी पत्रकारांना बोलावलं, वकील बसवला आणि कायदेशीर करारावर सह्या ठोकल्या: २०१५नंतर मोटली क्रू या नावाने दौरा काढणार नाही. लोकांनी डोळे पुसले, पाकिटं उघडली. ३१ डिसेंबर २०१५ला शेवटचा कार्यक्रम झाला. २०१९मध्ये एक व्हिडिओ आला, त्यात तो करार स्फोट करून उडवला. २०२२ला स्टेडियम भरली. आपल्याकडे निवडणुकीनंतर शपथपत्राचं जे होतं तेच, फक्त यांनी फटाके जास्त उडवले.

तिकीट काढणारा रडतो तोही खरा, आणि पुढच्या दौऱ्याला जातो तोही खरा.

आता आवाज नसताना वरचा सूर कसा काढतात, याची रीत सांगतो. पहिली युक्ती, माइक लोकांकडे धरायचा. अवघड ओळ आली की हात लांब करायचा, चाळीस हजार लोक ती गातात आणि घरी जाऊन सांगतात, काय वातावरण होतं! दुसरी, मागे तीन-चार तरुण गळे उभे करायचे. ते वरचा सूर लावतात, तारा खालून फक्त त्याच्या आसपास राहतो. तिसरी, गिटारचा एखादा लांबलचक तुकडा मधे घालायचा, तोवर पाणी पिऊन यायचं. चौथी, आवाजाला संगणकाची काठी द्यायची, म्हणजे घसरला तरी सुरात घसरतो. आणि पाचवी, टेप. कुणीतरी २५ वर्षांचा असताना गायलेला आवाज, किंवा बंद खोलीत दहा वेळा गाऊन त्यातला बरा निवडलेला, तो वाजवायचा आणि समोर ओठ हलवायचे. नावं घेत नाही. वकील महाग आहेत.

यातल्या पहिल्या तिघींना मी माफ करतो. चौथीवर नजर ठेवतो. पाचवी म्हणजे शुद्ध फसवणूक.

सहावीही एक युक्ती आहे आणि ती सगळ्यांत जुनी, सगळ्यांत सभ्य: पट्टी उतरवणं. आपल्याकडे गवई वयाबरोबर पट्टी उतरवतो आणि त्याची कुणी बातमी करत नाही. काळी चारमध्ये गाणारा काळी दोनवर आला, तानपुरे तसे लागले, विषय संपला. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या उंबरठ्यावर गात होते तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणी जुनी रेकॉर्ड खिशात घेऊन सूर ताडायला आलेलं नव्हतं. आपला षड्ज गवयाच्या गळ्यावर ठरतो. राग काही एका पट्टीचा मालकीहक्क घेऊन येत नाही.

रॉकचं तसं नाही, आणि याला नुसता अहंकार कारण नाही. गाण्याची सुरावट गिटारच्या मोकळ्या तारांवर बसलेली असते. गाणं दोन सूर खाली घेतलं की मोकळ्या तारांचा तो झणत्कार जातो, बोटं भलतीकडे पडतात, ओळखीचा तुकडा अनोळखी वाटतो. म्हणून मग गिटारच्या सगळ्याच तारा सैल करतात: अर्धा सूर, एक सूर. बोटं जागच्या जागी राहतात, गळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. बरेच बँड हे करतात आणि चोरी केल्यासारखं लपवून करतात.

लपवायचं काय त्यात? ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५मध्ये, सतरा वर्षांचा असताना, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणं केली, हलक्या तारा शोधल्या आणि पुढे दुखू नये म्हणून तारा सैल सोडायला लागला. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये गिटार दीड सूर खाली आली. त्या उतरलेल्या पट्टीतून जो जडशीळ, गढूळ आवाज निघाला त्यावर हेवी मेटल नावाचं अख्खं घराणं उभं राहिलं. अर्धा सूर उतरवताना शरमणाऱ्या तारसप्तकातल्या गायकांनी आयोमीच्या त्या दोन बोटांना रोज नमस्कार करावा.

याच ब्लॅक सॅबथचा गायक ओझी. पुन्हा पुन्हा निरोप घेतलेला, म्हणजे माझ्या हिशेबाने अट्टल. पण ५ जुलै २०२५ला त्याने आणखी एक घेतला आणि माझी पंचाईत करून ठेवली. जागा बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, तो ज्या ॲस्टन वस्तीत वाढला तिथलंच फुटबॉलचं मैदान. पार्किन्सन्सने शरीर पोखरलेलं, दौरे केव्हाच थांबलेले. दिवसभर मेटालिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर अशी पोरंबाळं वाजवून गेली. (पोरंबाळं साठीची.) मग मंचाखालून एक काळं सिंहासन वर आलं, वर वटवाघूळ, आणि त्यात ७६ वर्षांचा ओझी. पाच गाणी एकट्याची, चार सॅबथची. बिल वॉर्डसकट मूळचे चौघे २००५नंतर पहिल्यांदा एका मंचावर.

तो खुर्चीतून उठू शकला नाही. हात वर फेकत होता, डोळे तेच जुने वटारलेले, टाळ्या वाजवा म्हणून लोकांना दटावत होता. कमरेखालचा देह मात्र ऐकत नव्हता. घरी परतण्याचं त्याचं एक संथ गाणं आहे. तिथे आवाज थरथरला, सूर सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मैदानाने गाणं उचललं. माइक लोकांकडे धरायची पहिली युक्ती वर सांगितली ना, ती इथे नव्हती. त्याने माइक तोंडापासून हलवला नाही. तो गायला, चुकला, आणि चुकलेला ऐकू आला. पैसे पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णालयाला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला.

त्या रात्री कुणी म्हणालं असेल का, की आवाज पूर्वीसारखा राहिला नाही? म्हणालं असणारच. इंटरनेटवर सगळे असतात.

सोंग न करण्याची दुसरी तऱ्हा लेनर्ड कोहेनची, आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. १९९९मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, कोहेन मुंबईला आला तो गाण्यासाठी नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर झेन मठात पाच वर्षं काढून झालेली, तरी मनाची मरगळ जाईना. म्हणून केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरून तो रोज सकाळी रमेश बाळसेकरांकडे जायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे माजी वरिष्ठ अधिकारी आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, त्यांच्या मराठी निरूपणांचं इंग्रजी करणारे. खेतवाडीतल्या विडीच्या दुकानदाराचं अद्वैत बँकेच्या साहेबामार्फत मॉन्ट्रियलच्या कवीपर्यंत पोचलं. कर्ता तू नाहीसच, हे तिथे घोटून घेतलं. आणि परत गेल्यावर काही वर्षांनी कळलं की मॅनेजरने म्हातारपणाची पुंजी साफ केलीय. कर्ता तू नाहीस हे ठीक, पण खातं तुझंच होतं.

म्हणून २००८मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, कोहेन पैशांसाठी दौऱ्यावर निघाला. हेतू बाजारू, त्यात आडपडदा नाही. आवाज तोवर तळघरात उतरलेला. त्याने तो तिथेच ठेवला. गाणी त्या खोलीत नेऊन पुन्हा मांडली, वरचं सगळं मागच्या गायिकांना देऊन टाकलं आणि त्या गाताना टोपी काढून त्यांच्यासमोर उभा राहिला. गुडघ्यांवर बसून गायचा, तीन-तीन तास. हे २०१३पर्यंत चाललं. गेलेली पुंजी वसूल झाली आणि वर, तिशीत गायलेली गाणी सत्तरीतच खरी वाटली, असा पेच रसिकांपुढे टाकून गेला.

जोनी मिचेल तर आणखी पुढची. २०१५मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणं, बोलणं, गिटार, सगळं नव्याने. स्वतःचे जुने व्हिडिओ बघून बोटं कुठे ठेवायची ते तिने पुन्हा शिकून घेतलं. २०२२ला न्यूपोर्टच्या महोत्सवात अचानक अवतरली, आणि फेब्रुवारी २०२४ला, ऐंशीव्या वर्षी, ग्रॅमीच्या मंचावर आयुष्यात पहिल्यांदा गायली. खुर्चीत बसून. गाणं विशीत लिहिलेलं, आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहून झाल्याचं. विशीतल्या मुलीने दोन्ही बाजू पाहिल्याच्या गप्पा माराव्यात, हे तेव्हा गोड वाटलं होतं. तरुणपणी तिचा आवाज पक्ष्यासारखा वर जायचा, आता तो खर्जात चालतो. तिने वर जायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. अर्थात तिथे ती एकटी नव्हती, ब्रँडी कार्लाइल आणि इतरजण सावरायला होते. सावरताना दिसत होते, हे महत्त्वाचं.

बॉब डिलनचा तोडगा सर्वांत धूर्त. तो १९८८पासून जवळजवळ सलग हिंडतो आहे आणि रेकॉर्डवर आहे तसं गाणं तो मुद्दामच कधी गात नाही. निम्मं गाणं होईपर्यंत लोक एकमेकांना विचारतात, हे कुठलं? ज्याने कधीच पूर्वीसारखं गायलं नाही त्याला 'पूर्वीसारखं गात नाही' कोण म्हणणार? शिवाय हल्ली त्याच्या कार्यक्रमात मोबाइल दाराशी पाकिटात बंद करून घेतात. पुरावाच नाही.

'द हू'चा रॉजर डॉल्ट्री, वय ८१, मार्च २०२५मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये लोकांना म्हणाला, कान गेलेत, आता डोळेही चाललेत, आवाज तेवढा शिल्लक आहे म्हणून बरं, नाहीतर पुरता 'टॉमी' झालो असतो. टॉमी हा त्यांच्याच १९६९च्या रॉक ऑपेराचा आंधळा-मुका-बहिरा नायक. हा माणूस दोनदा निरोप घेतो तरी मला त्याचा राग येत नाही, तो यामुळे.

आता जरा आपल्याकडे, म्हणजे खुर्च्यांकडे, वळू.

१७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स अँड रोझेस. ॲक्सल रोज ६३ वर्षांचा. या रेसकोर्सवर घोडा म्हातारा झाला की त्याला पळवत नाहीत. गायकांना नियम लागू नाही. ॲक्सलचा खालच्या सुरांतला आवाज भरदार आहे, पहिल्यापासून होता. त्या आवाजात तो ऐटीत म्हातारा होऊ शकतो. पण लोक आलेले असतात ते १९८७च्या किंकाळीसाठी. मग तो किंकाळीच्या दिशेने हात टाकतो, पातळ, नाकातला काहीतरी आवाज हाताला लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'तेव्हा आणि आता' अशी क्लिप फिरते. क्लिप बनवणारा कोण? ज्याने तिकिटाला हजारो रुपये मोजले तोच.

हे आपलं दुटप्पी वागणं बघा. पट्टी उतरवली तर म्हणणार, उतरवली. मूळ पट्टीत गाऊन फाटला तर म्हणणार, फाटला. टेप लावली तर म्हणणार, वा, काय आवाज टिकवलाय! तिन्हींपैकी टाळ्या फक्त खोटेपणाला. मग गायक कुठला रस्ता धरेल?

आपल्याला म्हातारा माणूस बघायलाच जायचं नसतं. आपल्याला कॉलेजचा वसतिगृहातला पलंग, कॅसेटची घासलेली टेप, तेव्हाचे केस आणि तेव्हा न पटलेली मुलगी हे सगळं परत हवं असतं, आणि ते देण्याची जबाबदारी आपण अमेरिकेतल्या कुणा संधिवात झालेल्या गृहस्थावर टाकतो. केस आपलेही गेले. त्याच्या डोक्यावर मात्र ते असायला हवेत, निदान रुमाल तरी.

बरं, ज्या रेकॉर्डच्या नावाने मोजमाप चालतं ती तरी काय असते? पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला आणि तिथेच 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो बडवणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. स्वरतंतूंवर गाठी असलेला हा माणूस ऐन तिशीत, ऐन भरात, रेकॉर्डवरचे वरचे सूर मंचावर कितीदा तरी सोडून द्यायचा आणि खालून वळसा घेऊन पुढे जायचा. लोकांना पत्ता लागायचा नाही, लागला तरी पर्वा नसायची. तो १९९१मध्ये, ४५व्या वर्षी गेला, म्हणून त्याचा आवाज कायमचा तरुण. जे जगले त्यांना मात्र रोज त्यांच्याच पंचविशीशी स्पर्धा.

या स्पर्धेतून सुटायची नवी वाट 'किस' या बँडने काढलीय. २ डिसेंबर २०२३ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम संपला. (शेवटचा निरोप त्यांनी २०००मध्येही घेतला होता.) माणसं आत गेली आणि पडद्यावर त्यांचे संगणकी अवतार आले: न थकणारे, न खोकणारे, बहुधा जेवणही न मागणारे. पुढच्या वर्षी गाणी, नाव आणि चेहरे एका स्वीडिश कंपनीला विकून मोकळे झाले. लंडनमध्ये ॲबाचे असे अवतार २०२२पासून गाताहेत. गंमत अशी की या सगळ्या प्रकरणात ॲबाच सर्वांत प्रामाणिक. आवाज जुना आहे, माणसं प्रकाशाची आहेत, हे ते तिकिटाआधी सांगतात.

म्हणून माझ्या काही साध्या मागण्या आहेत. आयोजकांनी तिकिटावर पट्टी छापावी: मूळ, अर्धा सूर खाली, एक सूर खाली. मुख्य गायकाचा किती आवाज त्या रात्रीचा आणि किती टेपचा, हे तारखेच्या शेजारी यावं, त्याच जाडीच्या अक्षरात. जो उघडपणे उतरवेल त्याच्या क्लिपा करू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचं: ज्यांनी निरोपाचं तिकीट विकत घेतलं, त्यांना त्याच बँडच्या पुढच्या प्रत्येक पुनरागमनाला मोफत प्रवेश, पुढच्या रांगेत.

या शेवटच्या कलमात एकाच्या चाहत्यांचं नुकसान होईल, ते कबूल करतो. एल्टन जॉन. १९८७मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली, आवाज खाली आला, तेव्हापासून तो त्या नव्या आवाजात मुकाट गात राहिला. २०१८मध्ये निरोपाचा दौरा काढला, ३३० कार्यक्रम केले, ८ जुलै २०२३ला स्टॉकहोममध्ये संपवला आणि आजवर दुसरा दौरा काढलेला नाही. त्या लोकांना फुकट काहीच मिळणार नाही.